रात्री इमर्जन्सीला नक्की कोण डॉक्टर असतो, आणि त्याची डिग्री-रजिस्ट्रेशन कसं तपासायचं?

वारणाकाठची

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण कृपया पूर्ण वाचा. माझे आईबाबा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असतात, दोघंच. बाबा ७३ वर्षांचे, एक स्टेंट पडलाय, शुगर आहे. मी आणि दादा दोघंही पुण्यात. घराजवळच एक खाजगी हॉस्पिटल आहे, बाहेर मोठा लाल बोर्ड, "२४ तास इमर्जन्सी व ट्रॉमा". मध्यंतरी एका रात्री बाबांच्या छातीत जड वाटायला लागलं म्हणून शेजारच्या काकांनी तिथे नेलं, ईसीजी काढला, सलाईन लावलं आणि सकाळी "गॅसेस आहेत" म्हणून घरी सोडलं. बाबा आता ठीक आहेत.

पण आईने डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. त्यावर हॉस्पिटलचा शिक्का आहे आणि एक सही आहे, पण सहीखाली नाव नाही, डिग्री नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. बोर्डावर इमर्जन्सीचे म्हणून ज्या डॉक्टरांचं नाव आहे त्यांच्यापुढे एमबीबीएस, एमईएम, एमआरसीईएम यूके असं लिहिलंय. आई म्हणते रात्री ते नव्हतेच, एक तरुण मुलगा होता, बोलायला चांगला होता, पण कोण ते कळलं नाही.

तर १) ही एमईएम काय डिग्री आहे, आपल्याकडे चालते का? २) डॉक्टर खरा आहे का आणि कशातला आहे हे घरबसल्या तपासता येतं का? ३) रात्री ड्युटीवर कोण असतो हे विचारलं तर चालतं का, का आईबाबांना उद्या त्याच दारात जायचंय म्हणून गप्प बसावं?

कॅज्युअल्टी_नाईट

ताई, मी स्वतः इमर्जन्सी मेडिसिन केलंय आणि पुण्यात एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये काम करते, त्यामुळे डिग्र्यांचं जरा सविस्तर सांगते.

आपल्या देशात इमर्जन्सी मेडिसिन हा वेगळा विषय म्हणून तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने, म्हणजे आताच्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या आधीच्या संस्थेने, मान्य केला तो २००९ साली. त्याच्या आधी कॅज्युअल्टीत जो सापडेल तो, म्हणजे मेडिसिनचा नाहीतर सर्जरीचा ज्युनिअर, नाहीतर सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचा ड्युटी डॉक्टर. त्यामुळे या विषयातले एमडी अजूनही कमीच आहेत आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांत. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी इमर्जन्सी मेडिसिन किंवा नॅशनल बोर्डाची डीएनबी इमर्जन्सी मेडिसिन, या दोन सरळ मान्य डिग्र्या. यातली एखादी असेल तर पुढे शंका घ्यायचं कारण नाही.

एमईएम म्हणजे मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन. हा कोर्स खाजगी कॉर्पोरेट हॉस्पिटलांमधून चालतो, बऱ्याच ठिकाणी एखाद्या परदेशी युनिव्हर्सिटीशी जोडलेला असतो. तीन वर्षं मुलं रात्रंदिवस इमर्जन्सीत राबतात, हात चांगला तयार होतो, माझे कितीतरी सहकारी एमईएमवाले आहेत आणि अॅक्सिडेंटचा पेशंट आला तर मी डोळे झाकून त्यांच्या हवाली करीन. पण नॅशनल मेडिकल कमिशनच्या लेखी ती मान्य पोस्टग्रॅज्युएट डिग्री नाही. म्हणजे कायद्याने तो माणूस एमबीबीएस डॉक्टर आहे आणि इमर्जन्सीचा अनुभव असलेला आहे, एवढं समजायचं. एमआरसीईएम ही यूकेच्या रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिनची परीक्षा, अवघड असते, पास झालेल्याचा अभ्यास पक्का असतो, तरी नुसती ती परीक्षा म्हणजे इथली एमडी नव्हे आणि यूकेतला कन्सल्टंटसुद्धा नव्हे. तिकडे काम केलंय असं कोणी सांगत असेल तर यूकेच्या जनरल मेडिकल कौन्सिलचं रजिस्टर कोणालाही ऑनलाइन फुकट बघता येतं, तिथे नाव टाका.

एक मात्र कळकळीने सांगते. तपासायचं ते आज, निवांत बसून. प्रत्यक्ष छातीत दुखायला लागलं की कोणाची डिग्री बघत बसू नका, पहिला ईसीजी दहा मिनिटांत व्हायला हवा आणि तो कुठे होतोय एवढंच त्या वेळी महत्त्वाचं. इमर्जन्सीत डॉक्टर आपण निवडत नाही, त्या वेळी ड्युटीवर असेल तो आपला डॉक्टर. आपल्या हातात असतं ते दार निवडणं, आणि ते आधीच ठरवून ठेवायचं.

रिटायर्ड_एमआर

बघा ताई, मी तीस-एक वर्षं सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फिरलोय, हॉस्पिटलं आतून बाहेरून बघितलीत. बोर्डावर नाव असतंय ते कन्सल्टंटचं. ते दिवसा ओपीडी बघतात, किंवा दोन-तीन ठिकाणी व्हिजिट करतात. रात्री असतो तो आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलात ड्युटीवर राहणारा डॉक्टर. आणि आपल्या भागात खाजगीतला रात्रीचा आरएमओ बहुतेक वेळा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा, नाहीतर बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचा असतो. यात कुणाला कमी लेखायचं नाही, ही पोरं १२-१२ तास ड्युट्या मारतात, पगार तुटपुंजा, आणि खेड्यापाड्यात रात्री दोनला उठून दार उघडणारं तेच असतात. १०८ ची गाडी येते त्यातसुद्धा डॉक्टर असतो तो पुष्कळदा बीएएमएसच असतोय, इमर्जन्सीचं वेगळं ट्रेनिंग घेतलेला. ती सेवा २०१४ ला सुरू झाली, ९३७ गाड्या घेऊन, आणि तिनं किती जीव वाचवले ते आम्ही बघितलंय.

प्रश्न येतो तो लपवालपवीचा. आरएमओ बीएचएमएस असला तर असू दे, पण त्यानं ईसीजी काढून फोटो कोणाला पाठवला, वरच्या डॉक्टरनं बघितला का, का सकाळी राऊंडलाच बघितला, हे कळायला पाहिजे. तेवढं विचारा. मी तर सांगतो दुपारी तीन-साडेतीनला जावा, ओपीडीची गर्दी ओसरलेली असती, रिसेप्शनवर न विचारता थेट सिस्टर इनचार्जला विचारा की रात्री मोठे डॉक्टर बोलावले तर किती वेळात पोचतात. सिस्टर खरं सांगते.

हातगुण_महत्त्वाचा

मला वाटतं उगाच डिग्रीचं स्तोम माजवताय. आमच्या गावात जुने एलसीईएच, म्हणजे होमिओपॅथीचे, डॉक्टर होते, ४० वर्षं प्रॅक्टिस, साप चावल्यावर पण लोक त्यांच्याकडेच न्यायचे आणि वाचायचे. आणि शहरात एमडी डॉक्टरांनी लाखाची बिलं काढून माणूस दगावलेला पण बघितलाय. अनुभव आणि हातगुण बघा, इंटरनेटवर नंबर शोधून काय होणार आहे. डॉक्टरवर विश्वास नसेल तर औषध पण लागू पडत नाही.

कॅज्युअल्टी_नाईट

दादा, अनुभवाला मी नाही म्हणत नाहीच. पण सापाचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून बोलते. आपल्याकडे चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष आत जातंच असं नाही. हे पेशंट कुठेही नेले तरी वाचतात आणि नाव डॉक्टरचं होतं. मण्यार किंवा नाग चावून विष भिनलेला पेशंट आला की तिथे अँटीव्हेनम लागतं, श्वास बंद पडायला लागला तर नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेता यायला हवं, आणि अँटीव्हेनमची रिअॅक्शन आली तर अॅड्रेनलिन हाताशी हवं. हे शिकलेला माणूस आहे का, एवढंच डिग्री आणि रजिस्ट्रेशन बघून कळतं. माणूस प्रेमळ आहे का, हुशार आहे का, हे त्यातून कळत नाही, ते मान्य. पण ज्याचं रजिस्ट्रेशनच नाही त्याच्या हातून काही वावगं झालं तर तुम्ही दाद कोणाकडे मागणार? कौन्सिल फक्त आपल्या रजिस्टरवरच्या डॉक्टरलाच जाब विचारू शकते.

वारणाकाठची

मॅडम, एमआर काका, मनापासून आभार. मी काल रात्री बसून नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर बोर्डावरच्या त्या डॉक्टरांचं नाव टाकून बघितलं. एकाच नावाचे ढीगभर लोक येतात, कुठला आपला ते कळत नाही. आणि आमच्या गावात एक बाई डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे आई जाते, त्यांचं नाव तर सापडतच नाहीये, म्हणजे त्या रजिस्टर्डच नाहीत का? मला खरंच टेन्शन आलंय.

फाईल_क्रमांक_अमुक

टेन्शन घेऊ नका. आमच्या ऑफिसात मेडिकल बिलं आणि सर्टिफिकेटं तपासायचं काम माझ्याकडे आहे त्यामुळे हे शोधाशोधीचं रोजचंच आहे. नावाने शोधूच नका, नंबरने शोधा.

नावाने का सापडत नाही, तर रजिस्ट्रेशन झालेलं असतं पंचविशीत, एमबीबीएस झाल्या झाल्या. बायकांचं नाव तेव्हा माहेरचं असतं, पुढे लग्नानंतर बोर्डावर सासरचं लागतं आणि कौन्सिलकडे बदललेलं नसतं. पुरुषांचंही आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो, शिवाय इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. तुमच्या त्या मॅडम बहुतेक माहेरच्या नावाने असतील.

नंबर कुठे मिळतो? २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने आपला रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावायचा असतो, आणि प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर, पैसे घेतल्याच्या पावतीवर लिहायचा असतो. म्हणजे मागायचा प्रश्नच यायला नको, पण नसेल तर मागा, तुमचा हक्क आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर ओळखायला सोपा, अलीकडच्या डॉक्टरांचा आधी वर्ष, मग तिरकी रेघ, महिना, तिरकी रेघ आणि अनुक्रमांक असा असतो. जुन्या डॉक्टरांचा मात्र नुसता सलग आकडा. तो नंबर, कौन्सिलचं नाव, जमलं तर रजिस्ट्रेशनचं वर्ष एवढं टाकलं की एकच नाव समोर येतं, त्याच्यापुढे डिग्री, कॉलेज किंवा युनिव्हर्सिटी आणि वर्ष.

आता तीन गोष्टी नीट बघा. एक, राष्ट्रीय रजिस्टरवर कधीकधी फक्त एमबीबीएसच दिसतं, नंतर केलेली एमडी तिकडे चढलेली नसते, म्हणून लगेच खोटा ठरवू नका, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर पण बघा, पोस्टग्रॅज्युएशनची नोंद डॉक्टरला तिथे वेगळी करावी लागते. दोन, आपल्या राज्यात रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणून नंबर खरा असला तरी चालू आहे का ते बघा. तीन, बीएएमएस डॉक्टर या रजिस्टरवर सापडणारच नाहीत, त्यांची नोंद महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथांची होमिओपॅथी कौन्सिलकडे. तिथे न बघताच "बोगस आहे" म्हणून बोंब मारू नका, माणसाची अब्रू जाते. होमिओपॅथांनी सीसीएमपी हा मॉडर्न औषधांचा कोर्स केला की त्यांना मेडिकल कौन्सिलकडे नोंद द्यायची का, यावर २०२५ मध्ये रान पेटलं होतं, आयएमए या अॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने संप केला होता, त्यामुळे तो विषय इथे वाढवत नाही.

शिवाय २०२५ मध्येच महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने क्यूआर कोड आणलाय, "नो युवर डॉक्टर" नावाचा. दवाखान्यात लावलेला असेल तर मोबाइलने स्कॅन केला की डॉक्टरची माहिती उघडते. मात्र उघडलेलं पान कौन्सिलच्याच साइटचं आहे ना, तेवढं बघून घ्या.

आणि कुठल्याच कौन्सिलकडे नाव नाही असं खरोखर निघालं तर प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली बोगस डॉक्टर शोध समिती असते, तिकडे लेखी अर्ज द्या. २०१९ च्या कायद्याप्रमाणे रजिस्ट्रेशन नसताना मॉडर्न मेडिसिनची प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

एडिसनकर

विषय भारताचा आहे पण आमच्याकडे आईवडील सहा महिने राहायला येतात आणि हाच घोळ होतो म्हणून लिहितोय. इकडे अमेरिकेत स्टेटच्या मेडिकल बोर्डाच्या साइटवर डॉक्टरचं लायसन्स, त्याच्यावर काही कारवाई झालीय का, सगळं बघता येतं. आणि इमर्जन्सीचा स्पेशालिस्ट आहे का ते बघायला सर्टिफिकेशन मॅटर्स म्हणून साइट आहे, तिथे बोर्ड सर्टिफाइड दिसायला हवं. मुद्दा एवढाच की अर्जंट केअर आणि इमर्जन्सी रूम यात गफलत करू नका. अर्जंट केअरला पुष्कळदा डॉक्टर नसतोच, फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनर असतात, ताप-खोकल्याला ठीक, पण वडिलांच्या छातीत दुखतंय तर सरळ ९११. व्हिजिटर इन्शुरन्स नाही म्हणून घाबरून घरी बसणारे लोक बघितलेत, ते करू नका, १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी रूमला आधी तपासून पेशंट स्थिर करावाच लागतो, बिलाचं नंतर बघता येतं.

कॅज्युअल्टी_नाईट

एडिसनकर, बरं झालं लिहिलंत. आपल्याकडेही १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जीव वाचवायला लागणारी मदत प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो वा खाजगी, आधी द्यायची, पोलिसांचे कागद नंतर. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक हॉस्पिटलमध्ये लावायचं असतं. गेल्यावर भिंतीवर बघा, आणि रिसेप्शनजवळ हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट असेल त्यावरची मुदत बघा.

आता ताई, तुमच्या बाबांबद्दल. तुम्ही लिहिलेलं त्या रात्रीचं वाचून मला डॉक्टरच्या नावापेक्षा दुसरीच काळजी वाटली. स्टेंट असलेला, शुगर असलेला ७३ वर्षांचा माणूस छातीत जड वाटतंय म्हणून आला तर पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी तेवढ्यावर सोडायचं नसतं. थोड्या थोड्या वेळाने ईसीजी परत काढायचा आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने परत करायची. शुगरवाल्यांना छातीत कळ येतेच असं नाही, नुसता घाम, धाप, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटणं एवढंच असतं आणि त्यालाच गॅस म्हणून बसतात. तेव्हा त्या रात्रीचे सगळे कागद मागून घ्या, ईसीजीची पट्टी, रक्ताचे रिपोर्ट, सिस्टरचे चार्ट. त्याच आचारसंहितेत आहे की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. आणि बाबांच्या कार्डिओलॉजिस्टला या आठवड्यातच दाखवून घ्या, गॅसच होते असं ते म्हणाले तर सोन्याहून पिवळं.

हॉस्पिटल निवडताना मी माझ्या स्वतःच्या आईवडिलांसाठी जे विचारलं तेच सांगते. डीफिब्रिलेटर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर शॉक द्यायचं मशीन, कॅज्युअल्टीत ठेवलेलं आहे का, का वर ऑपरेशन थिएटरात कुलपात. हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, टेनेक्टेप्लेस किंवा स्ट्रेप्टोकायनेज, रात्री हॉस्पिटलमध्ये असतं का आणि ते द्यायचा निर्णय कोण घेतं. कारण तुमच्या गावाहून अँजिओप्लास्टी होणाऱ्या ठिकाणी पोचून फुग्याने बंद रक्तवाहिनी उघडेपर्यंत दोन तासांच्या वर जाणार असतील तर, देता येण्यासारखं असल्यास, इंजेक्शन आधी इथेच द्यायचं आणि मग पुढे न्यायचं असा रिवाज आहे. नुसतं "मिरजेला घेऊन जा" म्हणून हात झटकणं यात फार माणसं गेलीत, हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण खरं आहे. लकव्यासाठी विचारा की रात्री सीटी स्कॅन चालू असतो का, टेक्निशियन तिथेच असतो का बोलवावा लागतो, कारण लकव्याच्या इंजेक्शनला पहिले साडेचार तासच मिळतात. ही उत्तरं पटापट आली तर समजा तिथे इमर्जन्सी खरोखर चालते. "सगळं होतं आपल्याकडे, काळजी करू नका" असं मोघम उत्तर आलं तर दुसरं हॉस्पिटल बघा.

रिटायर्ड_एमआर

मॅडमनी लाखमोलाचं सांगितलं. एक भर घालतो. आसपासच्या दोन-तीन हॉस्पिटलांत हे विचारून बघा, आणि सरकारी उपजिल्हा रुग्णालय सोडू नका, लोक नाक मुरडतात पण साप, विषबाधा, मोठा अॅक्सिडेंट याला तिथं औषध आणि माणूस दोन्ही असण्याची शक्यता जास्त.

वारणाकाठची

दादा शनिवारी गावी जातोय, त्याला ही सगळी यादी पाठवली. हॉस्पिटलला फोन केला होता, कागद देतो म्हणाले, वाईट बोलले नाहीत. आणि त्या बाई डॉक्टरांचा नंबर आईच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनवर होता, तो टाकला तर बरोबर माहेरच्या नावाने निघाल्या, एमबीबीएस, रजिस्ट्रेशनही चालू आहे, आईला केवढं बरं वाटलं. आता एक शेवटचं विचारते, रात्री पुन्हा तसं झालं तर शेजारच्या काकांच्या गाडीने न्यायचं का १०८ ला थांबायचं? गाडी लगेच दारात असते.

कॅज्युअल्टी_नाईट

आधी १०८ ला फोन, फोनवर पहिलंच वाक्य "७३ वर्षांचे, आधी स्टेंट आहे, छातीत दुखतंय". गाडी किती वेळात येतेय ते विचारा. वेळेत येत असेल तर तीच बरी, कारण वाटेत ऑक्सिजन आणि डॉक्टर असतो, हृदय बंद पडलं तर त्या गाडीत काहीतरी करता येतं, काकांच्या गाडीत नाही. उशीर लागतोय म्हणाले तर थांबू नका, काकांच्या गाडीने निघा, पण बाबांना चालवू नका, खुर्चीत बसवून गाडीपर्यंत न्या आणि गाडी त्यांना स्वतःला अजिबात चालवू देऊ नका. अॅस्पिरिन चावून द्यायची का आणि किती, हे कार्डिओलॉजिस्टना याच व्हिजिटला विचारून आईकडून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, कारण ते आधीच रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असणार. स्टेंटच्या वेळचं डिस्चार्ज समरी आणि शेवटचा नॉर्मल ईसीजी दोन्हीची झेरॉक्स एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. रात्रीच्या डॉक्टरला जुना ईसीजी शेजारी ठेवून बघता आला की आजचा फरक लगेच दिसतो.